रोपवाटिकेची जागा

७ फेब्रुवारी

वर तुझं नाव घातलेलं नाही, प्रिय वगैरेही नाही. काही सुचलं नाही असं नव्हे. जे सुचलं ते लेकीच्या हाती पडलं तर बरं दिसणार नाही, म्हणून.

फोनवर तुझ्याशी बोलायचं मी बंद केलंय. तिथे तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. "ऐक ना, ऐक तर" म्हणत सगळं तूच बोलतोस. कागदाला मध्ये तोडता येत नाही. फाडायचा असला तरी आधी थोडा वाचशील.

बॅग भरून तू तुझ्या ताईंकडे निघून गेलास ते बरं केलंस. पण दारात उभं राहून "तुला व्यवहार कळत नाही" म्हणालास, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. जिन्यात शेजारचे काका होते म्हणून मी तोंड मिटून बसले. आता ऐक.

त्या दिवशी आम्ही जागा बघायला गेलो होतो. मी, नगरपालिकेचे इंजिनियर आणि सचिव. जुन्या क्वार्टर्समधल्या कुटुंबांना नवी घरं बांधून द्यायची, त्यासाठी जागा विकत घ्यायची, आणि घरबांधणी समितीची सभापती म्हणून त्या ठरावावर पहिली सही माझी. हे तुला काही नवीन नाही. गेली दोन वर्षं तू रोज जेवताना हेच ऐकत आला आहेस. क्वार्टर्सच्या छताचे पोपडे कसे पडतात, सळया कशा गंजून बाहेर आल्यात, बायका छताखाली ताडपत्री बांधून स्वयंपाक कशा करतात. तू मान हलवायचास, मध्येच एखादा प्रश्न विचारायचास. मला वाटायचं, माझ्या मैत्रिणींचे नवरे टीव्हीकडे बघत जेवतात, माझा निदान ऐकतो तरी. मैत्रिणींना सांगायचेसुद्धा मी तसं. आता त्या आठवणीनेच अंगाचा तिळपापड होतो.

रोपवाटिकेची जागा यादीत सगळ्यांत वर होती. विकणारी कुठलीशी कंपनी होती, तिचं नाव वाचून मला काही बोध झाला नव्हता. इंजिनियर फीत घेऊन मागच्या कुंपणाकडे गेले, सचिव त्यांच्या मागोमाग. मी कुंड्यांच्या रांगांमधून चालत होते. रोपवाटिकेच्या बाई अजून तिथेच राहतात. जागा विकलीय, पण रोपं हलवायला नव्या मालकाने मुदत दिलीय. त्या हिरव्या जाळीखाली बसून एका रोपावर कलम बांधत होत्या. मला पाहून त्यांचा हात थांबला.

"तुम्हीच ना त्या? फोटोत केस मोकळे होते."

मी विचारलं, कुठल्या फोटोत? तर म्हणाल्या, तुमच्या साहेबांनी मोबाइलवर दाखवला होता. ह्या माझ्या मिसेस, नगरपालिकेत असतात, आतली बातमी आहे म्हणून सांगतो, तुमच्या जागेतून रस्ता जाणार आहे.

लेकीला पदवी मिळाली त्या दिवशीचा फोटो. तूच काढलेला. मी "नको, केस विस्कटलेत" म्हणाले होते.

बाईंचे यजमान अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांच्या खाटेशी स्टुलावर बसून तू त्यांना समजावलंस की रस्त्यासाठी पालिका जागा काढून घेईल, भरपाईसाठी खेटे घालून चपला झिजतील, त्यापेक्षा माझे मेहुणे घेतात, भाव पडता असेल पण पैसे हातात. बाईंनी हे सगळं मला तुझी तक्रार म्हणून सांगितलंच नाही. उपकार केले म्हणून सांगितलं. आणि मग विचारलं, रस्ता नक्की कधी सुरू होणार? जाळी कधी उतरवायची ते ठरवायचं होतं त्यांना.

मी काय उत्तर दिलं असेल असं तुला वाटतं? मी म्हणाले, बघून सांगते. आणि गाडीत येऊन बसले. सचिवांनी विचारलं, बरं नाही का. मी म्हणाले, ऊन लागलं.

रस्ता रद्द झाल्याचं तुला मीच सांगितलं होतं. किती खुशीत सांगितलं होतं. आता ही जागा घरांसाठी मोकळी झाली, बाजार जवळ, शाळा जवळ, पाणी तुंबत नाही, अशी जागा गावात दुसरी नाही, असं. त्यानंतर तू बाईंकडे गेलास. रद्द झालेला रस्ता तू त्यांच्या अंगणातून नेलास. ताईंच्या नवऱ्याच्या, भावजींच्या कंपनीने घेतलेली तीच जागा आता दुपटीहून जास्त भावाने आमच्यासमोर ठेवलीय, आणि सही माझी.

संध्याकाळी मी तुला विचारलं तेव्हा तू हसलास. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. "तुझं नाव कागदावर कुठे आहे? कुठेच नाही. लोकांना घरं मिळणार, तुझं कौतुक होणार, भावजींना चार पैसे सुटणार. कोणाचं काय गेलं यात?"

कोणाचं गेलं ते बाईंना जाऊन विचार. नाहीतर क्वार्टर्समध्ये विचार. जागेत जितके जास्त घालू तितकी घरं कमी होणार, हे हिशोबाच्या वहीत डोकं घालून बसणाऱ्या माणसाला मी शिकवायचं?

समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. त्याआधी तू आणि भावजी सचिवांकडे जा, काय झालं ते आपल्या तोंडाने सांगा आणि विक्रीचा प्रस्ताव मागे घ्या. मी तुला वेळ देतेय. शेवटची.

लेक बरी आहे. तिला सांगितलंय की तू कामासाठी गावाला गेलायस. तिने विश्वास ठेवल्यासारखं केलं.


१८ फेब्रुवारी

तू गेला नाहीस. तुझ्याऐवजी ताईंचा फोन आला. ताई रडल्या. म्हणाल्या, घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेऊ नकोस, भावजींनी कर्ज काढलंय, आम्ही रस्त्यावर येऊ. मी म्हणाले, रस्त्यावर कोण येतंय ते आधी ठरवू या. असं बोलायला नको होतं, ताईंनी माझ्या बाळंतपणात माझं सगळं केलंय. पण तोंडातून गेलं. तू बहिणीच्या पदराआड लपणार हे मला दिसायला हवं होतं.

आणि एक गोष्ट. वेळ देते असं मी लिहिलं होतं ना, ते पत्र पेटीत टाकायच्या आधीच मी सचिवांना भेटून सगळं सांगून आले होते. तू जाणार नाहीस याची मला खात्री होती. तरी तसं लिहिलं. तू जावंस असं वाटत होतं म्हणून लिहिलं. आता तसंही काही वाटत नाही.

बैठकीत काय झालं ते तुला कोणीतरी तिखटमीठ लावून सांगेलच. त्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

आमचे सचिव प्रत्येक विषयाच्या आधी एक वाक्य वाचतात. "या विषयात कोणा सदस्याचा हितसंबंध आहे का?" पंखा बंद करू का, असं विचारावं तितक्याच कोरड्या आवाजात. इतक्या वर्षांत त्याला कोणी उत्तर दिलेलं नाही. त्या वेळी चहा येतो, सदस्य बशा सरकवतात, कोणी चष्मा पुसतं, आणि सचिव पुढे वाचायला लागतात. परवाही चहा येत होता.

मी म्हणाले, "आहे. माझा आहे."

चहावाल्याचा हात तसाच राहिला. नाना, आमचे उपसभापती, माझ्या कोपराला धरून हळूच म्हणाले, अहो बसा, तुमचं नाव कुठे आलंय त्यात. बघ, अगदी तुझेच शब्द. मला वाटलं, हे वाक्य पुरुषांना कुठे शिकवतात की काय.

मी उभं राहूनच सांगितलं. विकणारी कंपनी माझ्या नवऱ्याच्या मेहुण्यांची आहे. माझ्या नवऱ्याने मूळ मालकिणीला खोटं सांगून जागा त्यांना मिळवून दिली. जागेबद्दलची माहिती त्याला माझ्याकडून मिळाली. सभापतिपद मी सोडते आणि हा विषय संपेपर्यंत बाहेर थांबते. मला वाटलं होतं आवाज कापेल. कापला नाही. तुझ्यावरचा राग त्या वेळी फार उपयोगी पडला, त्याबद्दल तुझे आभार.

मग बाहेर गेले. पाण्याच्या कूलरशेजारी बाकावर बसले. सभागृहाच्या दाराला काच आहे, त्यातून सगळ्यांची तोंडं हलताना दिसत होती. कोणीतरी हसलं. एकाने दाराकडे बघून मान फिरवली. माझी खुर्ची रिकामी होती आणि तिच्यासमोर चहावाल्याने ठेवलेला चहा तसाच होता. आयुष्यात पहिल्यांदा मला वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटलं, आणि ते मी स्वतःच केलं होतं. तू केलेलं स्वतःच्या तोंडाने सांगून.

ठराव तहकूब झाला. चौकशी लागलीय. बाहेरच्या एक अधिकारी बाई येणार आहेत.

लेकीला मी खरं सांगितलं. तिच्या खोलीतला तुझा फोटो होता तिथेच आहे. मी तो काढायला सांगितलेला नाही, असा माझ्यावर आरोप येण्याआधी लिहून ठेवते.


३ एप्रिल

तुझा मेसेज मिळाला. "बघितलंस? तुझ्या तत्त्वांची किंमत." हा मेसेज लिहिताना तुझी बोटं झडली कशी नाहीत?

हो, क्वार्टर्समधल्या एका घराचं छत पडलं. सकाळी, पोरं शाळेत गेल्यावर. शिवणकाम करणारी बाई मशीनवर बसली होती. तिला तू ओळखतोस, पडदे तिनेच शिवलेत आपले. खांद्याचं हाड मोडलंय आणि उजव्या हाताची दोन बोटं. मशीन मध्ये आलं म्हणून डोकं वाचलं.

मी इस्पितळात गेले. सोबत काय न्यावं सुचेना, तशीच गेले. तिच्या उशाशी तिची जाऊ होती, ती उठून बाहेर गेली. शिवणवाली पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होती. मला वाटलं रडेल. तिने अगदी शांतपणे विचारलं, "मॅडम, खरेदी थांबली नसती तर आत्तापर्यंत काम सुरू झालं असतं ना?"

मी म्हणाले, सुरू झालं असतं, घरं लगेच उभी राहिली नसती.

"पण सुरू झालं असतं," ती म्हणाली. "तुमच्या घरातलं भांडण तुम्ही घरात मिटवायचं होतं. आम्हाला कशाला मध्ये घातलं?"

तुला हवं ते ऐकलंस ना? घे, पोट भरून ऐक. मी तिथे उभी राहून तिला समजावू शकले असते. की जागा त्या चढ्या किमतीला घेतली असती तर तिच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना घर मिळालंच नसतं. की मालकिणीला फसवलंय. हे सगळं खरं आहे, आणि प्लास्टरमधल्या बाईसमोर उभं राहून ते बोलायला मला लाज वाटली. मी तिच्या उशीखालची चादर सरळ केली आणि निघाले.

पण तू. तिच्या मोडक्या खांद्यावर हात ठेवून मला सुनावायचा हक्क तुला कोणी दिला? खरेदी कोणामुळे थांबली? रोपवाटिकेच्या बाईंना तू सरळ सांगितलं असतंस की पालिकेला तुमची जागा हवी आहे, चांगला भाव मागा, तर त्यांनीच जागा दिली असती. मागच्या वर्षीच. आत्ता तिथे भिंती असत्या. मध्ये तू उभा राहिलास. छत पाडायला तू हात लावला नाहीस हे खरं. तुझा हात कुठेच लागत नाही. तुझं नावही कुठे नसतं.

दुपारी मी पालिकेत गेले आणि मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमधून उठले नाही. त्यांनी पाणी विचारलं, नको म्हणाले. विश्रामगृह रिकामं पडलंय, अधिकारी आले तर झोपायला म्हणून राखून ठेवलंय, त्याच्या किल्ल्या द्या म्हणाले. नियम सांगायला लागले. मी म्हणाले, सांगा, मी ऐकतेय, मला घाई नाही. संध्याकाळी किल्ल्या मिळाल्या. सगळ्यांत वाईट छतांखालची माणसं आता तिथे राहायला गेलीत.

मला पुन्हा मेसेज करू नकोस. लिहायचं असेल तर पत्र लिही, निदान लिहिताना विचार करावा लागेल.


२० जून

तुझं पत्र आलं नाही, तुझ्या वकिलाचं आलं. त्यात मी तुझी बदनामी केली असं म्हटलंय. मी सचिवांना दाखवलं. ते क्वचितच हसतात. त्या दिवशी हसले.

आज तुला दुसरी एक गंमत सांगते. तुझ्यामुळे आमच्याकडे नवा नियम झाला. सचिवांनी मसुदा केला, मी मांडला. पालिकेला जागा घ्यायची असेल तर कुठल्या जागा विचारात आहेत ते आधी फलकावर लावायचं, म्हणजे जे सदस्याच्या घरच्यांना कळतं ते रोपवाटिकेच्या बाईंनाही त्याच दिवशी कळेल. भाव बाहेरच्या मूल्यांककाने ठरवायचा. आणि प्रत्येक सदस्याने आपल्या घरच्यांची, जवळच्या नातेवाइकांची कुठे जमीन आहे, कुठे भागी आहे ते लेखी द्यायचं. नातं निघालं की बाहेर जायचं, मत द्यायचं नाही, आत बसायचंही नाही.

पहिल्या दोन गोष्टींना कोणी हरकत घेतली नाही. जवळचा नातेवाईक कोण, यावर मात्र दुपार गेली. नवरा, बायको, मुलं, इथपर्यंत ठीक. भावाला धरायचं का? धरा. भावजयीचा भाऊ? तो कोण लागतो? मेहुण्याचा विषय निघाला तेव्हा सगळे माझ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते. मेहुणा घेतला. मग एकाने विचारलं, साडूचं काय? आणि बऱ्याच जणांनी समोरचे कागद चाळायला घेतले. नानांनी घसा खाकरून मोठं भाषण केलं, की साडू हे खरं तर नातंच नाही, ती एक परिस्थिती आहे. साडू वगळला. बहुमताने. आमच्यातल्या बऱ्याच जणांचे साडू जमिनीच्या धंद्यात आहेत, एवढं मला त्या दुपारी कळलं.

मी एकटी हसले. घरी येऊन सांगावं असं कोणी नव्हतं.

बैठकीनंतर सगळे एकत्र चहा घेतात, माझ्या टेबलाकडे हल्ली ट्रे येत नाही. पूर्वी जिन्यात थांबून "वहिनी, कशा आहात" म्हणणारे आता मोबाइलमध्ये डोकं घालतात. रागावलेत म्हणावं तर तसं नाही, घाबरलेत. जिने नवऱ्याचं सांगितलं ती आपलं काय सोडेल, असं त्यांना वाटतं. वाटू दे.

लेक तुला भेटून आली ते तिने मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं. तू तिला म्हणालास की आईने मला चोर केलं. मी तुला काहीही केलेलं नाही. जे होतास तेवढंच मोठ्याने म्हटलं.

परवा रात्रीच्या जेवणाला आम्ही दोघी समोरासमोर बसलो होतो. तिने विचारलं, आज बैठकीत काय झालं? आणि माझा घास हातातच राहिला. सांगू की नको असं मला वाटलं. माझ्या पोटच्या पोरीला. ती समजली. म्हणाली, "आई, नको सांगूस. मी तुला माझ्या ऑफिसचं सांगते." आणि तिच्या साहेबांची नक्कल करून दाखवली. तू भावजींच्या खिशात किती घातलंस ते चौकशीत निघेल. हे कुठल्या चौकशीत निघणार आहे?


११ सप्टेंबर

काल तू समोर बसला होतास. सात महिन्यांनी बघितलं तुला. शर्टाला इस्त्री नव्हती. माझ्या मनात आलं, ताईंकडे इस्त्री बिघडलीय का. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काही नाही, गैरसमज नको.

चौकशी अधिकारी बाईंनी आधी रोपवाटिकेच्या बाईंना बोलावलं. त्या काळ्या पिशवीत एक रोप घेऊन आल्या होत्या, अधिकाऱ्यांना द्यायला. नियमात बसत नाही म्हणून त्यांनी ते परत दिलं. सगळी साक्ष होईपर्यंत ती पिशवी बाईंच्या मांडीवर होती. त्यांनी तुझ्याकडे बोट दाखवून, आवाज न चढवता, खाटेपासून फोटोपर्यंत सगळं सांगितलं. तू त्या वेळी पेनचं टोपण काढत होतास, लावत होतास. त्यांचे यजमान जुलैत गेले, हे तुला माहीत होतं? त्यांनी ते सांगितलं तेव्हाही तू टोपणच बघत होतास.

मग मी. तुझ्या वकिलाने मला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. समितीत चाललेली माहिती तुम्ही घरी सांगत होतात का?

"हो," मी म्हणाले. "जेवताना."

तो खूश झाला. म्हणजे माहिती फोडली ती तुम्हीच. मी म्हणाले, हो, मीच. त्याचा चेहरा असा झाला की याच्यापुढे काय विचारायचं ते तो घरून आणायला विसरला असावा. मी नाही म्हणेन, मग तो मला खोटं पाडेल, असा तुमचा बेत होता ना? तू त्याला सांगायला हवं होतंस की ही बाई नाही म्हणत नाही.

मला लेखी ताकीद मिळाली. समितीतल्या गोष्टी घरी बोलल्याबद्दल. पालिकेतल्या माझ्या कागदांत ती कायमची राहील. मी सही करून घेतली. ताकीद योग्य आहे. फक्त एक गोष्ट मी अधिकाऱ्यांना विचारली नाही, तुला विचारते. ज्या घरात नवऱ्याशी बोलणं हा गुन्हा ठरतो, त्या घराला तू काय म्हणशील?

बाहेर पडताना जिन्यात तू थांबलास. काहीतरी बोलणार होतास. मी थांबले असते. तेवढ्यात वकिलाने तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि तू त्याच्याबरोबर खाली उतरलास. बरं झालं.


१६ जानेवारी

शेवटी तुझ्या अक्षरातलं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर पाहून लेकीने ते माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं आणि ती बाहेर फिरायला गेली.

तू लिहिलंयस की अहवाल आला, व्हायचं ते झालं, भावजी बुडाले, ताई तुझ्याशी बोलत नाहीत, आता घरी येऊ का. आणि खाली लिहिलंयस, एवढं सगळं करून तुला काय मिळालं ते तरी सांग.

सांगते. आधी बाकीच्यांचं ऐक, कारण तू कोणाचं विचारलेलं नाहीस.

भावजींनी खटला नको म्हणून जागा घेतलेल्या भावात बाईंना परत केली. हे वकिलांनी आपापसात केलं, तू किंवा भावजी बाईंच्या दारात गेला नाहीत. जागा परत आल्यावर पालिकेने बाईंना विचारलं. या वेळी सगळं फलकावर लावून, मूल्यांककाने ठरवलेल्या चांगल्या भावाने. सचिव स्वतः गेले होते. बाई म्हणाल्या, नाही. पालिकेला नाही आणि कोणालाच नाही. मला लोकांनी जाऊन समजावायला सांगितलं. मी गेले नाही. ज्या बाईच्या समोर माझा फोटो धरून तिला फसवलं, तिला मी कुठल्या तोंडाने सांगू की आता विश्वास ठेवा?

म्हणजे गावातली सगळ्यांत चांगली जागा गेली. घरं आता पाण्याच्या टाकीपलीकडे होतायत. बाजार लांब, शाळा त्याहून लांब. पण भाव रास्त आहे आणि क्वार्टर्समधलं एकही कुटुंब यादीतून गळलेलं नाही. पहिल्या इमारतीचं छत पडलं, म्हणजे घातलं गेलं. बघ, क्वार्टर्समध्ये छतापुढे 'पडलं' इतक्यांदा ऐकलंय की माझ्याही तोंडी तेच येतं.

परवा सगळ्यांना घरं दाखवायला नेलं होतं. शिवणवाली आली होती. तिची दोन बोटं वाकत नाहीत, मशीनवर आता जाऊ बसते आणि ही कापड बेतते. रिकाम्या खोलीत खिडकीशी उभी राहून तिने वितीने पडद्याचं माप घेतलं. मग मला म्हणाली, इथून बस कधी सुरू होणार? मी म्हणाले, मागणी केलीय. ती म्हणाली, मागणी मीही करू शकते मॅडम, सुरू कधी होणार ते विचारतेय. तिच्या तोंडावर आभार वगैरे नव्हते. त्यासाठी मी गेलेही नव्हते. पुढच्या बैठकीत बसचा विषय मी लावलाय.

आता माझं. सभापतिपद गेलं ते परत मिळालेलं नाही. कागदावर ताकीद आहे. नणंद तुटली, आणि तिचं मला खरंच वाईट वाटतं. पुढच्या निवडणुकीत मला कोणी उभं करणार नाही. घरात एक खोली जास्तीची झालीय. तू विचारलंस काय मिळालं, तर काही नाही. मिळवायला मी त्या खुर्चीवर बसलेच नव्हते. वर्षभर तू, भावजी, नाना, वकील, सगळे मला हेच विचारताय, आणि मला राग नेमका याचा येतो, की दुसरा प्रश्न तुम्हाला सुचतच नाही.

घरी येऊ का, याचं उत्तर. घर दोघांच्या नावावर आहे, तुला अडवायला मी कोण? पण मला विचारलंयस तर ऐक. आधी रोपवाटिकेत जा. वकिलाला नेऊ नकोस, ताईंना नेऊ नकोस. कुंड्या परत मांडायचं काम चालू असेल, बाई लगेच बोलणार नाहीत, थांबावं लागेल. थांब. त्यांच्या यजमानांना तू काय सांगितलं होतंस आणि खरं काय होतं, ते त्यांच्यासमोर उभं राहून बोल. त्या माफ करतील असं समजू नकोस. हाकलून देतील, कदाचित पाइपने पाणी मारतील. ते झाल्यावर ये.

जाऊन आलो असं मला सांगायच्या भानगडीत पडू नकोस. मी बाईंनाच विचारीन.